तुमचा पंचवीस वर्षांचा खोकला

मेश्रामभाऊ,

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून जे पहिलं वाक्य निघालं, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आता ते कोणाला सांगणार नाही. तुमची पुतणी रुणाली फोनवर रडत होती. "आजी, मोठे बाबा गेले. दुपारी जेवले, आडवे झाले, चहाले उठवाले गेलो तर..."

अशा वेळी माणूस 'अरे देवा' म्हणतो. निदान 'कसं झालं' म्हणतो. मी विचारलं, "खोकला होता का?"

पोरीचं रडणं थांबलं. "काय आजी?"

"जाताना. खोकला वाढला होता का? दम लागून राहिला होता का?"

"नाही. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. झोपेतच. काहीच त्रास नाही झाला."

"बरं झालं," मी म्हटलं.

आता सांगा, मयताच्या घरच्या पोरीला कोणी 'बरं झालं' म्हणतं? माझ्या सुनेने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. मी फोन ठेवला, पदर डोळ्यांना लावला आणि पदराआड एक लांब श्वास सोडला. दुःख होतंच, भाऊ. पण त्याच्या आधी, रांग मोडून, हायसं वाटणं पुढे घुसलं. मग त्याची लाज वाटली. मग परत हायसं वाटलं. त्या दिवशीच्या खिचडीत मी दोनदा मीठ घातलं आणि घरात कोणी काही बोललं नाही, एवढं माझं तोंड विचित्र झालेलं असावं.

पंचवीस वर्षं मी एक गोष्ट धरून चालले होते. तुमच्या छातीतला तो खोकला मी दिलेला आहे. तुम्ही त्यानेच गेलात तर मी तुम्हाला मारलं, असं होणार होतं. एकदम नाही, थोडं थोडं करून. हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही, तुम्ही कधी बोलला नाहीत. दारात बांधलेल्या मारक्या गाईला वळसा घालून जावं, तसे आपण दोघं त्या खोकल्याला वळसा घालत राहिलो.

आपली गाठ पडली ती बुटीबोरीत, कापड ब्लीच करायच्या आणि रंगवायच्या त्या कारखान्यात. मी केमिकल स्टोअरची इनचार्ज. तुम्ही नवे सेफ्टी ऑफिसर. इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं आणि काखेत लेबलांचा गठ्ठा. मी चाळिशीची होते आणि माझ्याबद्दल माझं मत फार चांगलं होतं. ते मत मी एकटीच बाळगून होते, हे मला उशिरा कळलं.

ती सुमन लांजेवार आज समोर आली तर मी तिला आधी बांगड्या उतरवायला लावीन. मनगटभर हिरव्या काचा खणखणवत ती बाई कॉस्टिक सोड्याच्या पोत्यात उघडा हात घालायची. ॲसिडच्या ड्रमवर पेपर पसरून त्यावर डबा खायची आणि वर लोणच्याचं बोट चाटायची. कारखान्यातलं ब्लीच थंड्याच्या रिकाम्या बाटलीत भरून पिशवीतून घरी न्यायची. आमच्या ह्यांची बनियनं मानेवाड्यात सगळ्यात पांढरी होती, आणि सगळ्यात भोकांची. हे एकदा म्हणाले, "काय वं, घरात उंदीर झाले का?" मी म्हटलं, "हाव ना, बम उंदीर झाले." ती बाटली न्हाणीच्या फळीवर, नाव ना गाव, पाण्याच्या बाटलीशेजारी उभी असायची. घरात कोणी ती तोंडाला लावली नाही, ते आमचं नशीब. माझी अक्कल त्यात कुठेच नव्हती.

पण खरा गर्व होता नाकाचा. झाकण उघडायचं, हुंगायचं आणि सांगायचं: हे ॲसिड, हे ब्लीच, हे दुसरं काही. तुम्ही पहिल्याच आठवड्यात सगळ्या कॅनवर लेबलं लावत आलात तेव्हा मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, "मले लेबल कायले पायजे? नाक आहे ना."

तुम्ही मान वरही केली नाही. "लांजेवारबाई, नाक पहिला एक तास ड्युटी करते. मग ते झोपून जाते, आणि तुम्हाले वाटते का वास गेला."

"तुमचं झोपत असन. माझं लांजेवारांचं आहे."

सगळं स्टोअर हसलं. सगळं स्टोअर म्हणजे मीच. तिथे तिसरं माणूस नव्हतं. तुम्ही गेल्यावर मी तुमचं नाव 'लेबलभाऊ' ठेवलं आणि जेवणाच्या सुट्टीत कारखानाभर पोहोचवलं. दीड महिना तुम्ही काही ना काही सांगत होतात. मोजे घाला, चष्मा लावा, इथे जेवू नका. मी एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडत होते म्हणावं, तर तेही खोटं. मी पहिल्या कानातही घेत नव्हते.

मग दसरा आला.

आपल्या कारखान्यात दसऱ्याला यंत्रांची पूजा, आणि आदल्या दिवशी धुणं-पुसणं. खात्याखात्यांत चढाओढ, कोणाचं जास्त चमकतं. तुम्ही रजेवर होतात. दसऱ्याला दीक्षाभूमीवर यायला तुमचा अख्खा गाव तुमच्याच घरी उतरायचा आणि शीलावहिनींच्या चुलीवरचं पातेलं तीन दिवस खाली यायचं नाही. म्हणजे मला अडवायला कोणी नव्हतं. मी माझ्या कॅनांकडे पाहिलं. सगळे सारखे, निळे. त्यांच्यावरची तुमची लेबलं दीड महिन्यात ओघळ येऊन पिवळी पडलेली, कोपरे निघालेले. देवीपुढे हे असलं घाणेरडं ध्यान? मी पाणी मारलं, काथ्या घेतला आणि एकूण एक लेबल खरवडून काढलं. कॅन असे लखलखले की त्यात तोंड दिसावं. प्रत्येकावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली.

मास्कचं कपाट मी आधीपासूनच स्टोअरच्या आत, मागच्या भिंतीला, कुलपात ठेवलं होतं. दिवाळी जवळ आली की लोक चुना मारायला मास्क घरी न्यायचे. किल्ली माझ्या कमरेला. त्या वर्षी माझ्या स्टोअरला पहिला मान मिळाला. मॅनेजरसाहेबांनी माझ्या हाताने नारळ फोडवला. मी तो असा फोडला की जणू लढाईच जिंकली.

दसरा झाला, काम सुरू झालं, तुमची रजाही संपली. सकाळी मला दोन कॅन दिसले, दोन्ही अर्धे. अर्धी अर्धी दोन भांडी दिसली की एकात एक ओतून जागा करायची, ही माझी घरातली खोड. फ्रीजमधल्या आमट्यांची मी अजून तीच गत करते. मी दोन्ही झाकणं उघडली आणि हुंगलं. दिवसभर पाण्यात हात घालून मला सर्दी झाली होती, भाऊ. लांजेवारांचं नाक चोंदलं होतं. दोन्हींना सारखाच वास आला. म्हणजे सारखंच असणार, असं त्या बाईने ठरवलं आणि ब्लीचचा कॅन ॲसिडच्या कॅनात उपडा केला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण दाराकडून. आतून ते असं होतं: कॅन हाताखाली गरम झाला, घुरघुरला, आणि तोंडातून हिरवट पिवळा धूर आला. मला पहिल्यांदा वाटलं, झेंडूचा रंग उतरला. एवढी हुशार! मग घसा कोणीतरी मुठीत धरला. डोळे मिटले ते उघडेनात. दार सहा पावलांवर होतं. पण मी गेले उलट्या बाजूला, कपाटाकडे, मास्क घ्यायला. किल्ली कुलपाच्या भोकात जाईना. चोरांपासून मी मास्क इतके चांगले राखले होते की ते मलाही मिळेनात. मी तिथेच गुडघ्यांवर बसले. डोक्यात एकच आलं, की पोळ्यांची कणीक भिजवून आले आहे, ती वाया जाणार.

तेवढ्यात दंडाला हात लागला. तुम्ही मला ओढत बाहेर आणलंत, पायरीवरून घसटत, अंगण ओलांडून, वाऱ्याची बाजू बघून कडुनिंबाखाली बसवलंत. तुमच्या तोंडावर ओला रुमाल होता, बाकी काही नाही. "कोणी जवळ जाऊ नका!" असं ओरडलात आणि मग खोकलात. झाडाच्या खोडाला धरून, वाकून, असे खोकलात की आतलं सगळं बाहेर येतं की काय. मी तुमचा खोकला ऐकला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते पंचवीस वर्षं चुकीचं वाचत होते.

आपल्याला दोघांनाही दवाखान्यात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सोडलं. माझा घसा चार दिवसांत सुटला. मी घरी सांगून टाकलं होतं की नोकरी गेली. पण तुम्ही आलात, कडुनिंबाखालच्या बाकावर बसलात, वही उघडलीत आणि म्हणालात, "चूक कोणाची थे लिहाचं नाही. कसं झालं तेवढंच लिहू. लेबलं काहून काढली?"

"घाण झाली होती."

"घाण काहून झाली?"

"ॲसिड ओघळते वरून."

"काहून ओघळते?"

"कॅन तिरपा करून ओततो ना आम्ही. थेंब जातेच."

"तिरपा काहून करता? हातपंप नाही?"

"नाही."

"मागितला?"

"नाही मागितला."

"काहून?"

खरं उत्तर असं होतं की पंप न लावता, एक थेंब न सांडता ओतणं ही माझी कला होती आणि लोक ती बघायला थांबायचे. ते मी शेवटी सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. वहीत लिहिलंत: 'हातपंप नव्हता.' माझी अख्खी कला तुम्ही दोन शब्दांत निकालात काढलीत. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. डोक्यावरची जड टोपली कोणीतरी उचलून खाली ठेवावी, तसं झालं.

त्यानंतर तुम्ही माझं स्टोअर उलटंपालटं केलंत. ॲसिड एका खोलीत, ब्लीच अंगणापलीकडच्या दुसऱ्या खोलीत, म्हणजे एकाचा कॅन दुसऱ्यापाशी न्यायचाच तर चालत जावं लागेल आणि वाटेत अक्कल येईल. ॲसिडचे कॅन काळे, ब्लीचचे पांढरे. दोन पंप, आणि एकाची नळी दुसऱ्याला बसायचीच नाही. कागदी लेबलं गेली. नावं ऑइलपेंटने रंगवली, मराठीत आणि हिंदीत, आणि ज्यांना दोन्ही येत नाही त्यांच्यासाठी चित्र. अर्धवट कॅन एकात एक ओतायचे नाहीत, बांगड्या घालून स्टोअरमध्ये यायचं नाही. मास्कचं कपाट बाहेर, दाराशेजारी, बिनकुलपाचं. मी हळूच म्हटलं, "चोरीले जातील ना."

"जाऊ द्या. मास्क चोरीले गेला म्हणजे कोणाच्या तरी घरी एक छाती वाचली."

आणि वर्षभर रंगाई बघणाऱ्या डाइंग मास्तरांच्या मागे लागून तुम्ही ते ब्लीचच बदलायला लावलंत. ॲसिडशी गाठ पडली तर विषारी वायू सोडणारं ते पाणी आमच्याकडे यायचंच बंद झालं. त्या दिवशी रिकाम्या खोलीत उभे राहून तुम्ही जसे खुश दिसलात, तसे पोरीच्या लग्नात बाप दिसतात. म्हणालात, "बाई, सगळ्यात चांगलं कुलूप म्हणजे आत काहीच नसणं."

मी सगळ्याला हो म्हणत गेले. लोकांना वाटलं लांजेवारबाई सुधारली. सुधारणा कसली! माझ्या तोंडाला तुमचा खोकला बांधला होता. मे महिन्यात, नागपूरच्या त्या उन्हात, कोपरापर्यंत रबरी मोजे घालायचे म्हटल्यावर मी भांडायला तोंड उघडायची, तुम्ही खोकायचात, मी मोजे घालायची. दर वर्षी स्टोअरच्या लोकांची छाती तपासायची पद्धत तुम्ही सुरू केलीत. तुमचा कागद आला की मी चहाचा कप ठेवायच्या निमित्ताने त्यावर वाकायची, आणि तुम्ही तो पालथा घालायचात. आवळे बाजारात आले की मी मोरावळा करायची आणि बरणी तुमच्या टेबलावर ठेवायची. "छातीले चांगला असते," एवढंच म्हणायची. तुम्ही "हं" म्हणायचात. ह्यांनी विचारलं, "लेबलभाऊले एवढा मोरावळा कायले?" मी म्हटलं, "उंदरांची चौकशी झाली, आता आवळ्यांची सुरू झाली का?"

एक गोष्ट मात्र मला टोचायची. नव्या कामगारांच्या ट्रेनिंगला तुम्ही सांगायचात, गॅस झाला आणि मास्क नसेल तर आत जायचं नाही. एकदा एका बिहारी कामगाराने विचारलं, "और साब, अंदर अपना आदमी हो तो?"

"तो भी नहीं. बिना मास्क एक को बचाने जाओगे, तो अंदर से दो उठाने पड़ेंगे."

मी मागच्या बाकावर बसलेली. तुमच्या नियमाप्रमाणे त्या बाकावर मी नसायला हवी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. तेवढंच खोकलात.

आधी तुम्ही रिटायर झालात, मग मी. आवळे येत राहिले, बरण्या जात राहिल्या. आणि परवा तुमच्या पुण्यानुमोदनाला मी तुमच्या घरी आले.

पांढऱ्या कपड्यातली माणसं, बुद्धांच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या, शेजारी तुमचा फोटो. फोटोतही खिशाला तीन पेनं. वंदना झाली, लोक तुमच्याबद्दल चांगलं चांगलं बोलले, कोणी खोटं बोललं नाही. मग जेवणं सुरू झाली आणि मी शीलावहिनींच्या शेजारी आतल्या खोलीत जाऊन बसले. हृदयाने गेलात हे कळून हायसं वाटलं होतं, पण ते अर्धंच. खोकणाऱ्याच्या हृदयावर ताण येतो, असं मला शेजारच्या काकूंनी तोवर सांगून ठेवलं होतं. शेजारी असतातच कशाला!

मी म्हटलं, "वहिनी, मले माफ करा. त्यांचा खोकला माझ्यामुळे होता."

"कोणता खोकला?"

"तोच. त्या गॅसचा. मले काढाले आत आले होते ना."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग तोंडाला पदर लावला. मला वाटलं, आता रडतात. त्यांचे खांदे हलत होते. आणि पदराआडून त्या हसत असल्याचं मला कळलं.

"काय वं सुमन! तो खोकला तर हुंड्यात नाही, वरातीत आला होता. आमच्या लग्नात त्रिशरण म्हणताना तीनदा थांबले. माझी मायच घाबरली, म्हणे पोरगा क्षयाचा तर नाही ना दिला आपल्याले! सासूबाई सांगत, पाळण्यातही खोकून राहायचे. धुळीचा आहे. गहू निवडाले घेतले का सुरू."

"पण त्या दिवसानंतर..."

"त्या दिवसाआधी तू कधी त्यांचं ऐकलं होतं काय?"

भाऊ, मी खोटं नाही बोलणार. नव्हतं ऐकलं. दीड महिना तुम्ही माझ्यासमोर लेबलं लावत खोकत असणार, आणि मला ना लेबल दिसलं ना खोकला.

वहिनी उठल्या, कपाटातून साड्यांखालून एक मोठं पाकीट काढलं. "घे. दर वर्षीचा छातीचा फोटो. एकूण एक साफ." मी एकेक फोटो खिडकीशी धरला. तुमच्या बरगड्या, मधलं ते काळं काळं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी प्रत्येकाला मी मोठ्याने "साफ" म्हणत गेले, आणि वहिनी "साफ" म्हणत गेल्या, दोन म्हाताऱ्या, जशी काही नवी प्रार्थना सुरू झाली होती.

मग मला सुचलं. "वहिनी, मले काय वाटते ते त्यांना माहीत होतं काय?"

"होतं ना."

"मग सांगितलं काहून नाही?"

"मी म्हटलं किती डाव, सांगून द्या त्या बिचारीले. तर म्हणे, राहू दे, ती भीतीनं सांभाळून राहिली आहे स्टोअर. रिटायर झाली का सांगतो. तू रिटायर झाली तर मी परत म्हटलं. तर म्हणे, आता सांगितलं तर मोरावळा बंद पडते."

मी अशी हसले की पुढच्या खोलीतली वाढणारी माणसं थांबली. मयताच्या घरी! वहिनी माझ्या मांडीवर चापट्या मारत होत्या, "हळू वं, हळू," आणि स्वतः माझ्याहून जोरात हसत होत्या. हसता हसता कधी रडायला लागलो ते दोघींनाही कळलं नाही. जरा शांत झाल्यावर त्या म्हणाल्या, "दवाखान्यातून सुटून घरी आले तर जेवले नाहीत. म्हणे, शीला, काल मी माझाच नियम मोडला. नियम बरोबर आहे. पण दारातून तिच्या बांगड्या ऐकू येऊन राहिल्या होत्या."

ज्या बांगड्यांना मी इतकी वर्षं हसत आले, त्यांनीच मला शोधून दिलं होतं, आणि तुम्ही हे मला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतंत तर मी दुसऱ्या दिवशी परत घालून आले असते. तेवढं तुम्ही मला ओळखून होतात.

त्याचे आभार मानते. आता भांडते.

पंचवीस वर्षं माझं भांडण तुंबलं आहे, भाऊ. अपराधी माणसाला भांडता येत नाही, आज येतं. तुम्हीच शिकवायचात ना, भीतीच्या भरवशावर कारखाना चालवू नका म्हणून? भीती सोमवारी असते, शनिवारी संपते. नळी वेगळी करा, खोली वेगळी करा, जिन्नसच काढून टाका, माणसाच्या मनावर काही सोडू नका. मग माझ्याच बाबतीत तुम्हाला भीतीचा भरवसा कसा वाटला? मला अंधारात ठेवून स्टोअर राखलंत, ते तरी एक वेळ सोडा. पण मोरावळ्यासाठी? किती हिवाळे मी आवळे टोचत बसले, काट्याने एकेक, मनात एकच, की याने तरी त्यांची छाती मोकळी होऊ दे. आणि मोकळ्या छातीचे तुम्ही पोळीला लावून खात होतात! तुम्ही स्वर्ग मानत नाही, म्हणजे पुढेमागे भांडायला कुठे यायचं तीही सोय तुम्ही ठेवली नाही. म्हणून हे कागदावर. वहिनी तुमच्या फोटोपुढे मोठ्याने वाचणार आहेत. उत्तर देता येणार नाही, ऐकून घ्या. माझ्यासारखं.

पण परवा तुमच्या घरी त्यानंतर जे झालं, ते सांगून संपवते. ते वहिनींनाही नीट माहीत नाही.

जेवणं उरकली, पाहुणे पांगले. मी हात धुवायला मागे गेले. शंभर माणसं येऊन गेलेली, मोरी चिकट झाली होती. रुणाली साडी खोचून ती घासायला बसली होती. गुणी पोरगी, तुमचं घर तुमच्यासारखं स्वच्छ ठेवायचं म्हणून. फरशीवर तिने ब्लीचिंग पावडर पसरलेली, ओली, पांढरीफेक. खिडकी बंद. आणि तिच्या हातात संडास साफ करायच्या ॲसिडची बाटली, झाकण उघडलेली, तिरपी होत असलेली. तुमच्या घरात, भाऊ! तुमच्या फोटोपासून दहा पावलांवर.

माझे गुडघे गेली सहा वर्षं माझं ऐकत नाहीत. त्या वेळी त्यांनी ऐकलं. मी तिचं मनगट वर धरलं, बाटली सरळ केली, झाकण लावलं, तिला बाहेर काढलं, खिडकी उघडली. एकही थेंब पडला नव्हता. मग बादलीभर साधं पाणी ओतून ती पावडर वाहू दिली, ॲसिडची बाटली उचलून घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवली, आणि तिला पायरीवर बसवून सांगितलं की या दोघांची गाठ पडली की काय होतं. सगळं सांगितलं. झेंडूसकट, नाकासकट. ती डोळे मोठे करून ऐकत होती.

"आजी, तुम्ही केवढ्या घाबरल्या होत्या!" ती म्हणाली.

मी छातीवर हात ठेवून पाहिला. धडधडत नव्हतं. तुमच्या बरगड्यांचे फोटो पाहून, पोट दुखेस्तोवर हसून, मी तिथे आले होते. आता मला कोणाचा खोकला सांभाळायचा नव्हता.

भीती जाऊन तेव्हा पाऊण तास झाला होता, मेश्रामभाऊ. हात तरीही वेळेवर पोहोचला.

तुमची,
सुमन लांजेवार